पोरगं दिवसभर पिक्चर बघतंय, हा अभ्यास कसा काय? मीडियाच्या प्रोजेक्टमधलं ‘जॉनर’ सोप्या भाषेत

बारावीनंतर इंजिनिअरिंग-मेडिकल सोडून मास कॉम नाहीतर फिल्म मेकिंगला जाणारी पोरं-पोरी आता सोलापुरात पण बऱ्यापैकी दिसायला लागलीत, आणि त्यांच्या घरी साधारण एकच संवाद चालू असतो. वडील म्हणतात, “दिवसभर मोबाईलवर पिक्चर बघायलास, कॉलेज हाय का थेटर?” आणि पोरगं म्हणतं, “पप्पा, जॉनरचा रिसर्च करायलोय, प्रोजेक्ट हाय.” पप्पांना ही सरळ सरळ थाप वाटते. आईला तर अजून टेन्शन, कारण पोरगी तोच भुताचा पिक्चर तिसऱ्यांदा लावून बसलेली असते, ते पण आवाज बंद करून, आणि मध्येमध्ये थांबवून वहीत काहीतरी लिहीत असते.

हा लेख त्या आईवडिलांसाठी आहे, आणि त्या पोरांसाठी पण, ज्यांच्या फाईलवर “जॉनर कन्व्हेन्शन्स दिसत नाहीत” असा शेरा आलाय पण नक्की काय दिसत नाही ते कुणी सांगितलेलं नाही. मी अशा पोरांच्या स्क्रिप्ट वाचतो, एडिटिंगला बसतो, त्यामुळे जे समोर दिसतं त्यावरूनच सांगतो. थाप आहे की अभ्यास, हे त्या वहीत काय लिहिलंय त्यावर ठरतं. ते कसं, ते पुढे येईलच.

जॉनर म्हणजे काय

सोलापुरातल्या कुठल्याही चौकात जाऊन वर बघा, चार-पाच फ्लेक्स असतातच. आता कल्पना करा की तुमच्यासोबत असा माणूस आहे ज्याला मराठी वाचताच येत नाही. तरीपण तो लांबून सांगेल की हा वाढदिवसाचा आणि हा कुणीतरी गेल्याचा. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भडक रंग, मधोमध गॉगल घातलेले भाऊ, खाली शुभेच्छुक पोरांचे वीस-पंचवीस छोटे फोटो. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर एकच फोटो, त्याला हार, कडेला समई, रंग फिके. हे सगळं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण डिझाईन करणाऱ्याला माहितीय, छापून घेणाऱ्याला माहितीय आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला पण माहितीय. तिघांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसलेली आहे म्हणून अक्षर न वाचता निरोप पोचतो.

वाढदिवसाचा फ्लेक्स हा एक प्रकार, श्रद्धांजलीचा दुसरा. या प्रकाराला मीडियाच्या अभ्यासात जॉनर म्हणतात. आणि हार, समई, गॉगल, शुभेच्छुकांचे फोटो या ज्या ठरून गेलेल्या खुणा आहेत त्यांना म्हणतात कन्व्हेन्शन्स, आपण मराठीत संकेत म्हणू. बस, एवढे दोनच शब्द लक्षात ठेवायचे आहेत.

सिनेमा, गाणं, बातमी, मासिकाचं कव्हर, रेडिओची जाहिरात, सगळीकडे हे असंच चालतं. भुताच्या पिक्चरमध्ये अंधार, एकटं घर, आधी शांतता आणि मग एकदम मोठा आवाज. बातम्यांच्या बुलेटिनमध्ये खाली पळणारी पट्टी, अँकरचा ठासून बोलायचा सूर, रिपोर्टरच्या हातात चॅनेलचा लोगो लावलेला माईक आणि शेवटी “कॅमेरामन अमुकसह मी तमुक, सोलापूर”. पेपरातली बातमी असेल तर सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या परिच्छेदात आणि किरकोळ तपशील खाली, म्हणजे जागा कमी पडली तर खालून कापता येतं. डोळे मिटून नुसतं ऐकलं तरी तुम्ही ओळखता की टीव्हीवर क्रिकेट लागलंय का सिरियल का बातम्या. तुम्ही आयुष्यभर हे ओळखत आलाय, मीडियाची पोरं ते मुद्दाम सुटं करून बघतात एवढाच फरक.

हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे का

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि शब्द फ्रेंच-इंग्रजी असल्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण तमाशा बघितलेल्या माणसाला जॉनर शिकवायची गरज नाही. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, लावणी आणि मग वग. गणात गणपतीला नमन होणार, गवळणीत मथुरेच्या बाजारला निघालेल्या गौळणी येणार, सोबत मावशी येणार, कृष्ण आणि त्याचे सवंगडी त्यांची वाट अडवणार. प्रत्येक प्रेक्षकाला हा क्रम पाठ असायचा. तरी लोक बैलगाड्या जुंपून जायचे, कारण त्यांना बघायचं असायचं की या फडातली मावशी आज काय नवीन बोलतेय, गावातल्या कुठल्या भानगडीवर टोला मारतेय. क्रम जुनाच असल्यामुळे नवीन काय ते पटकन कळायचं. कीर्तनात पण तसंच, पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, आणि बुवा कोणतं आख्यान कसं रंगवतात यावर सगळी गर्दी.

अजून मागं जायचं तर भरताच्या नाट्यशास्त्रात नाटकाचे दहा प्रकार सांगितलेत, नायक कसा असावा, अंक किती असावेत, रस कोणता असावा हे प्रकारानुसार वेगळं. म्हणजे आपल्याकडे ही चर्चा दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच झालेली आहे.

स्टीव्ह नील नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने १९८० मध्ये जॉनरवर पुस्तक लिहिलं आणि त्यात जो मुद्दा मांडला तो आपल्या तमाशाला पण तंतोतंत लागू होतो. जॉनर चालतं ते पुनरावृत्ती आणि फरक या दोन्हीवर. नुसतीच पुनरावृत्ती असेल तर लोक कंटाळतात, नुसताच फरक असेल तर लोकांना कळतच नाही आपण काय बघतोय.

सामान आणि मांडणी

इथं बहुतेक पोरं अडकतात म्हणून जरा थांबून सांगतो. रिक ऑल्टमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ मध्ये जॉनरचे दोन थर वेगळे करून दाखवले. पहिला थर म्हणजे दिसणारं सामान: कपडे, जागा, वस्तू, प्रकाश, पात्रं. दुसरा थर म्हणजे त्या सामानाची मांडणी, कोण कुणाच्या विरोधात आहे, कुठली गोष्ट आधी कळते, कुठली लपवली जाते.

थ्रिलर करायला सांगितलं की दहातली आठ पोरं काळी हुडी, सुरी, अंधारी बोळ आणि पावलांचा आवाज घेऊन येतात. सामान सगळं आहे पण बघताना छातीत काहीच होत नाही. कारण थ्रिलरचा जीव सामानात नाही, कुणाला काय कधी कळतं यात आहे. सस्पेन्सच्या पिक्चरसाठी गाजलेला दिग्दर्शक हिचकॉक, त्याने हे बॉम्बच्या उदाहरणाने समजावलं होतं. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो प्रेक्षकांना न सांगता एकदम फुटला तर पंधरा सेकंद दचकायला होतं. पण तोच बॉम्ब प्रेक्षकांना आधी दाखवला, किती वाजता फुटणार ते पण सांगितलं, आणि टेबलावरची दोन माणसं निवांत गप्पा मारत बसलीत, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. यात हुडी नाही, सुरी नाही, बोळ नाही. भर उजेडात चहाच्या टपरीवर पण हे करता येतं.

म्हणून मी पोरांना सांगतो की आधी मांडणी ठरवा, सामान नंतर आणा. पटतं सगळ्यांना, पण शूटिंगच्या दिवशी पहिल्यांदा हुडीच पिशवीतून बाहेर निघते!

मग प्रोजेक्टमध्ये नक्की करतात काय

साधारण कामं अशी मिळतात: थ्रिलरची पहिली दोन मिनिटं, एखाद्या गाण्याचा व्हिडिओ, मासिकाचं कव्हर आणि आतली दोन पानं, बातम्यांचं बुलेटिन, छोटी डॉक्युमेंटरी. इंग्लंडमध्ये शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत ए-लेव्हलला मीडिया स्टडीज हा विषय घेता येतो, तिथं बरीच वर्षं पोरांना प्रोजेक्ट झाल्यावर एक ठरलेला प्रश्न असायचा, की तुमच्या कामाने खऱ्या माध्यमांतले संकेत कसे वापरले, कसे पुढे नेले किंवा कुठे त्यांना आव्हान दिलं. वापरणं, पुढे नेणं, आव्हान देणं. आपल्याकडे शब्द वेगळे असतील पण तोंडी परीक्षेत विचारतात ते फिरून फिरून हेच.

आता ती वही. नीट अभ्यास करणारी पोरगी एकाच जॉनरचे पाच-सहा नमुने घेते आणि प्रत्येकाची फक्त सुरुवातीची दोन-तीन मिनिटं पुन्हा पुन्हा बघते. एकदा नेहमीसारखं, एकदा आवाज बंद करून म्हणजे फक्त चित्र काय करतंय ते कळतं, एकदा स्क्रीन पालथी ठेवून म्हणजे फक्त आवाज काय करतोय ते कळतं. वहीत लिहिते कितव्या सेकंदाला काय झालं, कॅमेरा कुठं होता, उजेड कुठून आला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या क्षणी मला काय वाटलं. हा शेवटचा रकाना बरीच पोरं रिकामा सोडतात आणि तिथंच फसतात. पाच नमुन्यांत जे पाचही ठिकाणी आलं तो संकेत, जे एकाच ठिकाणी आलं ती त्या दिग्दर्शकाची स्वतःची करामत. एवढं वेगळं करता आलं की अर्धा अभ्यास झाला.

तर पप्पा लोकांनी वही मागून बघावी. वही असेल तर अभ्यास आहे.

मासिकाच्या कव्हरचं सोपं असतं: वर मोठं नाव, मधे चेहरा आणि त्याची नजर थेट आपल्याकडे, कडेला आतल्या लेखांच्या ओळी, खाली बारकोड. गाण्याच्या व्हिडिओबद्दल अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने १९९२ च्या पुस्तकात जे टिपलंय ते अजून उपयोगी पडतं, की शब्द आणि चित्राचं काही नातं असतं, कट संगीताच्या तालाशी जुळलेले असतात, गायकाचे क्लोजअप भरपूर असतात, आणि रॉक, पॉप असल्या प्रत्येक प्रकाराची व्हिडिओची पण आपली एक पद्धत असते. आपल्याकडची जत्रेची गाणी, जयंतीची डीजे गाणी बघा, लगेच पटेल.

भर दुपारचं भूत

एका ग्रुपची हॉररची स्क्रिप्ट माझ्यासमोर आली होती. रात्र, जुना बंगला, दरवाजा कर्र करतो, पांढरी साडी, मोकळे केस, शेवटी किंकाळी. संकेत एकूण एक वापरलेले, आणि वाचताना अंगावर काटा सोडा, जांभई यायला लागली. शिवाय अडचण अशी की यांच्याकडे लाईटचं सामान नाही, मोबाईलवर रात्री शूट केलं की नुसते दाणे दाणे दिसणार.

त्या ग्रुपमधली एक पोरगी सोलापूरच्या पूर्व भागातली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीतली, घरचे यंत्रमाग. मी विचारलं, तुला स्वतःला लहानपणी भीती कधी वाटायची? ती म्हणाली रात्री नाही वाटायची ओ, रात्री सगळे घरी असतात, दुपारी वाटायची. मे महिन्यात बारा वाजता रस्त्यावर कुत्रं पण नसतं आणि घरात म्हातारी सांगायची भर दुपारी चिंचेखाली जाऊ नको. झालं, तिथून सगळी स्क्रिप्ट बदलली.

आता नीट बघा त्यांनी काय ठेवलं आणि काय हलवलं. हॉररचा संकेत असा की एकटेपणा हवा, मदतीला कुणी नको. तो ठेवला, पण एकटेपणासाठी अंधार लागतो हे सोडून दिलं, सोलापूरचं चाळीस-बेचाळीसचं ऊन पण रस्ते तेवढेच रिकामे करतं. दुसरा संकेत, मोठा धक्का द्यायच्या आधी शांतता हवी. ही शांतता कुठून आणायची यावर त्यांची खूप चर्चा झाली आणि उत्तर त्यांच्याच गल्लीत होतं. पूर्व भागात दिवसभर मागांची खटखट चालू असते, तिथल्या माणसाला ती ऐकूच येत नाही इतकी सवय झालेली. ती ऐकू येते कधी, तर थांबल्यावर! लाईट गेली की एकेक माग बंद पडतो, शेवटचा धोटा आपटतो, आणि मग जी शांतता पसरते ती कुठल्याही बंगल्यात मिळणार नाही.

तर गोष्ट अशी झाली. पोरगी दुपारी वडिलांचा डबा घेऊन कारखान्यात येते, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, खटखटीत कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही. ती आत जाते, वडील कुठं दिसत नाहीत. लाईट जाते. माग थांबतात. सगळं गप्प. आणि मग आत, मागच्या खोलीत, एक माग चालू असल्याचा आवाज येत राहतो.

इथंच त्यांनी कट केलं. साडी नाही, किंकाळी नाही, लाईटचा खर्च शून्य. अजून एक गोष्ट त्यांनी केली जी मला फार आवडली. आपली सोलापुरी भाषा रील्समध्ये नेहमी हसवायलाच वापरतात, म्हणजे “काय करायलास” म्हटलं की समोरच्याने हसायचं हा पण आता एक संकेतच झालाय. यांनी तीच भाषा, मध्येच तेलुगू शब्द येणारी, भीतीच्या गोष्टीत सरळ बोलली तशीच ठेवली. बघणाऱ्याला हसू आलं नाही.

मग ही कॉपी नाही का

नाही, आणि हे नुसतं माझं मत नाही, कायदा पण तेच सांगतो. आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे, आणि १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की कल्पना, विषय, कथानक यांवर कुणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडायच्या पद्धतीवर, म्हणजे प्रत्यक्ष लिहिलेले प्रसंग, संवाद, रचना यांवर. एका नाटककाराचं म्हणणं होतं की माझ्या नाटकावरून पिक्चर काढला, कोर्टाने दोन्ही तपासलं आणि विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे म्हणून दावा फेटाळला.

म्हणजे लाईट गेल्यावर भीती दाखवणं, पोलिसाने सस्पेंड झाल्यावर केस सोडवणं, श्रीमंताची पोरगी आणि गरिबाचा पोरगा, हे कुणाच्या बापाचं नाही, हे सगळ्यांचं सामायिक आहे. पण एखाद्या पिक्चरचा अख्खा सीन शॉटला शॉट लावून उचलला, डायलॉग तेच ठेवले, तर ती चोरी. आणि बॅकग्राउंडला फिल्मी गाणं जसंच्या तसं लावणं हा संकेत वगैरे काही नाही, ते दुसऱ्याचं गाणं आहे, अपलोड केलं की क्लेम येणारच. त्यापेक्षा गल्लीतला कुणी हलगी नाहीतर पेटी वाजवणारा बघा, रेकॉर्ड करा.

नियमांनीच चाललं तर क्रिएटिव्हिटी कुठं राहिली

संकेत हे नियम नाहीत, बघणाऱ्याच्या डोक्यात असलेली अपेक्षा आहे. अपेक्षा तयार केल्याशिवाय ती मोडता येत नाही, हे एवढं वाक्य ज्याला कळलं त्याला हा पूर्ण विषय कळला असं मी मानतो.

यासाठी लांब जायला नको, आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे. २०१६ चा सैराट आठवा. पहिला अर्धा भाग म्हणजे हिंदी प्रेमकथेचे सगळे संकेत मनापासून, भरभरून वापरलेले: स्लो मोशन, विहीर, ऊस, परदेशात मोठ्या ऑर्केस्ट्रासोबत रेकॉर्ड केलेलं संगीत. लोक थिएटरमध्ये नाचत होते. आणि शेवटच्या प्रसंगात आवाजच काढून घेतला. संगीत नाही, रडणं ऐकू येत नाही, काहीच नाही. ज्या पिक्चरने अडीच-पावणेतीन तासात संगीताची सवय लावली त्यानेच ते काढून घेतलं म्हणून ती शांतता अंगावर आली. पहिल्यापासूनच कोरडा, शांत पिक्चर असता तर शेवट एवढा लागला नसता. म्हणजे झिंगाट हे नुसतं गर्दी खेचायला नव्हतं, ते शेवटाची तयारी पण होती.

आणि पोरांनी हे पण लक्षात ठेवा की मंजुळेंची पहिली शॉर्ट फिल्म पिस्तुल्या ही नगरला कम्युनिकेशन स्टडीज शिकतानाची आहे आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कॉलेजचं प्रोजेक्ट म्हणून हलक्यात घेऊ नका.

उलट जी पोरं पहिल्याच दिवशी म्हणतात “मला कुठलंच जॉनर नको, मला वेगळं करायचंय”, त्यांचं काम बहुतेक वेळा कुणालाच कळत नाही, आणि मग ती म्हणतात प्रेक्षक तयार नाही. प्रेक्षक तयारच असतो हो, त्याला धरायला काहीतरी द्या.

पैसे नाहीत, नुसता मोबाईल आहे

मग मोबाईल शोभेल असं जॉनर निवडा. १९९९ मध्ये द ब्लेअर विच प्रोजेक्ट नावाचा अमेरिकन हॉरर आला, करणारे दोघं फ्लोरिडाच्या एका युनिव्हर्सिटीत फिल्म शिकून निघालेले, बजेट अगदी तुटपुंजं. गोष्ट पण अशी की फिल्म शिकणारी तीन पोरं जंगलात डॉक्युमेंटरी करायला जातात आणि गायब होतात, नंतर सापडतं ते त्यांनी केलेलं शूटिंग. हलणारा कॅमेरा, फोकस जाणं, अंधारात काही न दिसणं, हे एरवी चुका म्हणून मार्क कापायचे प्रकार, पण डॉक्युमेंटरीच्या संकेतात त्याच गोष्टी खरेपणाची खूण ठरतात. त्यांनी हॉररमध्ये डॉक्युमेंटरीचे संकेत आणून बसवले आणि गरिबीच कामाला लावली.

तुमच्याकडे काय आहे त्याची यादी करा आणि मग कुठलं जॉनर ते ठरवा. सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, बंद मिलच्या भिंती (परवानगी काढून), गड्ड्याची म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतली गर्दी, घरातली तीन भाषा बोलणारी माणसं. पाठलागाची गाडी तुमच्याकडे नाही, पण गड्ड्यात हरवलेलं लेकरू शोधणं हे कुठल्याही पाठलागापेक्षा कमी नाही.

एआयबद्दल पण एक सांगतो, कारण आता सगळेच वापरतात. त्याला थ्रिलरची सुरुवात लिहून दे म्हटलं की तो काळी हुडी आणि अंधारी बोळच देतो, कारण जगात सगळ्यात जास्त वेळा जे लिहिलं गेलंय तेच तो पुढे करतो. म्हणून त्याचं उत्तर ‘सगळे काय करतात’ याची यादी म्हणून वाचा. भर दुपारचा माग त्याच्याकडून येणार नाही.

याचा बाकीच्यांशी काय संबंध

कामधंद्याचं म्हणाल तर प्री-वेडिंगचं शूट, दुकानाची जाहिरात, निवडणुकीच्या रील्स, लोकल न्यूज पोर्टल, सगळीकडे गिऱ्हाईक येऊन म्हणतं “तसलं करून द्या”, आणि ‘तसलं’ म्हणजे नक्की काय हे ज्याला सुटं करता येतं त्याला काम मिळतं. यावर जास्त बोलत नाही, कारण त्यापेक्षा गंभीर गोष्ट सांगायचीय.

२०१८ मध्ये पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सअपवर देशभर फिरत होत्या. त्यात एक व्हिडिओ होता, मोटारसायकलवरचे दोघं गल्लीत खेळणारं लेकरू उचलून नेतात. वरून, लांबून, सीसीटीव्हीत दिसावं तसं चित्र. प्रत्यक्षात तो पाकिस्तानातल्या कराचीमधला एका संस्थेचा जनजागृतीचा व्हिडिओ होता, कलाकारांनी केलेला. मूळ व्हिडिओच्या शेवटी ती माणसं लेकराला परत आणून सोडतात आणि एक पाटी दाखवतात, की कराचीत मूल पळवायला एक क्षण पुरतो, सावध राहा. कुणीतरी तो शेवट कापला. उरलं ते नुसतं अपहरण, आणि सीसीटीव्हीसारखं दिसतंय म्हणजे खरंच असणार हा आपल्या सगळ्यांच्या डोक्यातला संकेत.

असल्याच अफवांच्या वातावरणात १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला जमावाने पाच भिक्षुकांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, त्यातली बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली. त्या गावात नेमका कुठला मेसेज पोचला होता याबद्दल मी इथं दावा करत नाही, पण कापलेला एक व्हिडिओ किती लांब जाऊ शकतो ते त्या वर्षी अख्ख्या देशाने बघितलं. ज्याने तो कराचीचा व्हिडिओ केला त्याचा हेतू चांगलाच होता. संकेत इतके चोख वापरले होते की शेवट निघून गेल्यावर खरं-खोटं ओळखायला काहीच शिल्लक राहिलं नाही.

म्हणून बघणाऱ्याने स्वतःला एवढं विचारायची सवय लावावी की हे मला खरं वाटतंय ते कशामुळे. लाल पट्टी आहे म्हणून? माईकवर लोगो आहे म्हणून? सीसीटीव्हीसारखं वरून दिसतंय म्हणून? या तिन्ही गोष्टी कुठल्याही मीडियाच्या पोराला मोबाईलवर एका दुपारीत करता येतात, आम्ही त्या शिकवतोच.

आणि करणाऱ्या पोरांसाठी माझी कळकळीची विनंती आहे. खोटं बुलेटिन, खोटं सीसीटीव्ही, खोटी डॉक्युमेंटरी असं प्रोजेक्ट असेल तर “हे काल्पनिक आहे” ही पाटी शेवटी लावून मोकळे होऊ नका. शेवट कापला जातो, सुरुवात पण कापली जाते, दोन्ही एका बोटाने होतं. पूर्ण व्हिडिओभर ‘विद्यार्थी प्रोजेक्ट’ असं दिसत राहील असं ठेवा, आणि ते कडेला नको, कडेचं क्रॉप करता येतं, चेहऱ्याच्या जवळ येईल असं ठेवा. थोडं दिसायला खराब दिसेल, सर एखादा मार्क कापतील, कापू देत. चॅनेलचा खरा लोगो वापरू नका, नाव-लोगो स्वतः बनवा. जिल्ह्याचं, गावाचं, समाजाचं नाव गुन्ह्याशी जोडलं जाईल असं बुलेटिन लिहू नका, गावाचं नाव पण बनवून घ्या. आणि फायनल फाईल व्हॉट्सअपच्या ग्रुपवर टाकायच्या आधी एकदा त्यातले मधले कुठलेही वीस सेकंद कापून घरातल्या मोठ्यांना दाखवा, काही न सांगता, आणि विचारा हे काय आहे. त्यांनी “कुठं झालं हे?” असं विचारलं तर फाईल परत एडिटिंगला घ्या.